खालून कापलेल्या नऊ ओळी

ज्याला काम येतं त्याच्याच गळ्यात ते पडतं, ही जगाची जुनी खोड आहे. सगळे जिला कात्री म्हणत, तिच्या गळ्यात ते पत्रकारितेच्या पहिल्याच वर्षी पडलं. विद्यार्थ्यांच्या साप्ताहिकाची पानं लावणारा वरच्या वर्गातला मुलगा आजारी पडला, संगणकासमोर बसायला कुणी तयार होईना, आणि ही शहाणी ‘मला थोडंसं येतं’ म्हणून पुढे झाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मुलगा आठवड्यात बरा झाला, हिंडूफिरू लागला, पण त्या खुर्चीकडे त्यानं पुन्हा म्हणून पाहिलं नाही.

आता ती दुसऱ्या वर्षाला होती आणि खुर्ची तिचीच होती. साप्ताहिकाची खोली महाविद्यालयाच्या तळघरात. आधी तिथे मोडके बाक ठेवत, नंतर पत्रकारितेचा विभाग आला तेव्हा बाक बाहेर काढून विद्यार्थी आत ठेवले. एकच खिडकी, तीही छताला लागून, रस्त्याच्या पातळीवर. त्यातून तिला जग दिसायचं ते घोट्यापर्यंत. वर्गातली मुलं सकाळी वह्या घेऊन बाहेर पडत, सभांना जात, लोकांना प्रश्न विचारत, संध्याकाळी घामाघूम होऊन आपापल्या बातम्या घेऊन परत येत. ही त्यांची वाट बघत बसलेली असे. बातमीदार व्हायला आलेल्या मुलीनं दीड वर्षात एकही बातमी लिहिली नव्हती, आणि याचं कुणाला वाईट वाटत होतं तर फक्त तिला.

‘कात्री’ हे नावही तिथलंच. बातमी नेहमी लांब असते आणि पानावर जागा नेहमी कमी. मग कापायचं. कुठून कापायचं याचा नियम सगळ्या वर्तमानपत्रांत एकच, पहिल्याच तासाला शिकवतात: खालून. महत्त्वाचं आधी लिहायचं, कमी महत्त्वाचं नंतर, म्हणजे जागा अपुरी पडली की शेवटच्या ओळी उडवता येतात आणि बातमीला काही होत नाही. कात्रीचा हात या कामात इतका बसला होता की दीडशे ओळींची बातमी शंभरात बसवायला तिला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नसे.

“काय कात्रीबाई, आज किती मुंडकी उडवली?” मुलं विचारत.

“मुंडकी नाही, शेपट्या,” ती म्हणे. सगळे हसत. तीही हसे, आणि मग सगळे बाहेर जात.

सरांना तिनं दोनतीनदा विचारून पाहिलं होतं. सर म्हणजे विभागाचे शिक्षक आणि साप्ताहिकाचे संपादक. मनुष्य वाईट नव्हता, फक्त अडचण आली की त्यांना दुसरं काहीतरी काम आठवायचं. “तुला बाहेर पाठवलं तर पान कोण लावणार?” ते विचारत. या प्रश्नाला उत्तर नव्हतं, कारण इतर कुणी शिकतच नव्हतं, आणि इतर कुणी शिकत नव्हतं कारण ही होती. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी ती खुर्ची होती.

कात्री राहायची मुलींच्या वसतिगृहात. खोलीत सोबतीला तोफ. तोफ तिच्याच वर्गातली, साप्ताहिकाची सगळ्यात धडाडीची बातमीदार. हळू बोलणं तिला जमतच नसे. खोलीत ती पुटपुटली तरी खालच्या मजल्याला कळायचं. पण पोरगी कामाची. विचारायला घाबरायची नाही आणि लिहिताना हात आखडायची नाही.

एका संध्याकाळी वसतिगृहाच्या तळमजल्यावर विजेच्या मीटरच्या पेटीनं पेट घेतला. आग काही मोठी नव्हती, पण धूर जिन्यातून वर चढला. पुढचा जिना धुरानं भरला म्हणून मुली मागच्या दाराकडे धावल्या. मागच्या दाराला कुलूप. अंधारात, एकमेकींच्या अंगावर पडत, खोकत त्या तिथे अडकून राहिल्या. शेवटी बोळातल्या खिडकीची काच फुटली, हवा आली, पुढची आग विझवली गेली. दोघी बेशुद्ध पडल्या, त्या दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी परतल्या. जीव कुणाचा गेला नाही, पण जाता जाता राहिला.

कात्री तेव्हा तळघरात पान लावत होती. तोफ मात्र त्या कुलपापाशी होती. तिनं दुसऱ्याच दिवशी बातमी लिहिली आणि अशी लिहिली की वाचणाऱ्याच्या घशात धूर जावा. मथळा होता, ‘मुली धुरात, किल्ली कुठे?’ वसतिगृहाची जबाबदारी रेक्टरबाईंची, म्हणून तोफ त्यांच्यासमोर बसून त्यांचं म्हणणं घेऊन आली, लिहिलेलं त्यांना दोनदा वाचूनही दाखवलं. इथपर्यंत सगळं अगदी शिकवल्याबरहुकूम. मग नवशिके जे करतात तेच तिनं केलं. आधी धूर, मग कुलूप, मग रडणाऱ्या मुली, मग संतापलेले पालक, आणि ज्यांच्यावर सगळा रोख होता त्या बाईंचं म्हणणं सगळ्यात शेवटी. नऊ ओळी.

पान लावायच्या संध्याकाळी सगळं बेतशीर बसलं होतं. तेवढ्यात वरून निरोप आला. संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात त्याच पानावर होती, तिच्यातला अध्यक्षांचा फोटो अध्यक्षांना लहान वाटला होता. फोटो वाढला, तशी जाहिरात वाढली. जाहिरातीला कात्री लावायची नसते, हाही नियमच. छापखान्याचा माणूस फोनवर घाई करत होता. कात्रीनं तोफेच्या बातमीखाली जाहिरातीला किती जागा लागते ते पाहिलं, शेवटच्या नऊ ओळी उडवल्या आणि पान पाठवून दिलं. त्या ओळी तिनं मोजल्या. वाचल्या नाहीत.

गुरुवारी अंक आला. संध्याकाळी वसतिगृहाच्या दारातच रेक्टरबाई अंक हातात घेऊन उभ्या होत्या. पन्नाशीच्या, ताठ, मुलींना एका नजरेत गप्प करणाऱ्या. बारा वर्षं त्या तिथेच, तळमजल्यावरच्या एका खोलीत राहत होत्या.

“मी तुला काय सांगितलं होतं?” त्यांनी तोफेला विचारलं.

तोफेनं अंक घेतला, खालपर्यंत वाचला, उलटून पाहिला, पुन्हा वाचला. मग तिनं शेजारी उभ्या कात्रीकडे पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा तोफ हळू बोलली. “तू शेवट कापलास?”

कात्रीनं जिन्यावर बसून तोफेच्या वहीतल्या त्या ओळी वाचल्या. रेक्टरबाईंचं म्हणणं साधं होतं. मुली मागून बाहेर जातात म्हणून मागच्या दाराची किल्ली संस्थेच्या कार्यालयानं दोन महिन्यांपूर्वी स्वतःकडे नेली. बाईंनी ती दोनदा मागितली, मिळाली नाही. त्या संध्याकाळी खिडकीची काच त्यांनीच हातानं फोडली. मथळा विचारत होता किल्ली कुठे, आणि उत्तर तिनं उडवलं होतं. रेक्टरबाईंच्या उजव्या हाताला पट्टी होती हेही तिनं तेव्हाच पाहिलं. चार दिवस ती त्यांच्यासमोरून जा-ये करत होती.

पुढचं फार भराभर झालं. पालक चिडलेले होते, कुणाचं तरी डोकं मागत होते, आणि कार्यालयाला डोकं सापडलं. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी समिती बसून रेक्टरबाईंचं ठरवणार होती, पण ‘खोली रिकामी करायच्या तयारीत राहा’ असं त्यांना तोंडी सांगून झालं होतं. समितीपुढे ठेवायला एकच गोष्ट होती, साप्ताहिकाचा अंक. ‘विद्यार्थिनींनीच लिहिलंय. तुमचं त्यात काही म्हणणं नाही, याचा अर्थ तुमच्याकडे म्हणायला काही नव्हतं,’ असं कार्यालयातल्या साहेबांनी त्यांना सुनावलं. किल्ली त्या वेळी त्याच साहेबांच्या टेबलाच्या खणात होती. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय!

कात्री सरांकडे गेली. “सर, पुढच्या अंकात त्या नऊ ओळी छापू या.”

सरांनी दार लोटून घेतलं. “हे बघ, तुझी काही चूक नाही. खालून कापायचं हे मीच शिकवलंय.”

“मग चूक कुणाची?”

“चूक अशी कुणाची नसते. जागेची असते.” सर म्हणाले. “त्या ओळी छापल्या म्हणजे आपण कार्यालयावर बोट ठेवलं. साप्ताहिक त्यांचं, तळघर त्यांचं, वीज त्यांची. उद्या कुलूप लावतील. आणि ऐक, मी तुझा विचार केलाय. पुढच्या महिन्यापासून तू बाहेर. बातमीदारी. खुर्चीवर पहिल्या वर्षातलं कुणीतरी बसवू. हे प्रकरण तेवढं उकरू नकोस.”

दीड वर्ष जे ऐकायला ती कान लावून बसली होती, ते तिला नेमकं आज आणि या अटीवर ऐकायला मिळालं. तिला आनंद झाला. हे खरं आहे, लपवण्यात अर्थ नाही. खोलीबाहेर पडेपर्यंत तो टिकला आणि मग त्याची तिला किळस आली.

तोफेचं वेगळंच. तिची बातमी वाचून शहरातल्या मोठ्या दैनिकानं तिला शिकाऊ बातमीदार म्हणून उमेदवारीसाठी बोलावलं होतं. पहिले दोन दिवस ती कात्रीवर चिडली होती, तिसऱ्या दिवशी पत्र आलं आणि राग कुठल्या कुठे गेला.

“खुलासा आला तर ते म्हणतील बातमी अर्धवट होती,” ती म्हणाली. “माझी नव्हती अर्धवट. तू केलीस. तरी मी कुणाला सांगितलं का? नाही ना? मग तूही गप्प बस.”

“त्या खोली सोडतायत.”

“मला माहीत नाही का? मला काय आनंद झालाय?” तोफ ओरडली, आणि मग भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग केलं.

कात्रीनं आईला फोन केला. आईला बातमी, ओळी, खालून कापणं यातलं काही कळलं नाही, पण मुलगी कशात तरी अडकली आहे एवढं कळलं. “तू कशाला मोठ्यांच्या भानगडीत पडतेस?” आई म्हणाली. “शीक आणि बाहेर पड. तुझं नाव आहे का कुठं त्या बातमीत?”

“नाही.”

“मग झालं तर!”

खरंच, तिचं नाव कुठेच नव्हतं. बातमी तोफेची, संपादक सर, मालक संस्था. कापणाऱ्याचं नाव छापायची पद्धत नाही. तिला कुणी पकडणार नव्हतं, शिक्षा करणार नव्हतं, उलट सगळे सांभाळून घेत होते. सुटायला चहूकडून मोकळीक होती आणि तिला सुटता येत नव्हतं. जेवताना समोर रेक्टरबाई, जिन्यात रेक्टरबाई, सकाळी हजेरीला रेक्टरबाई. त्या तिचं नाव पुकारत, ती ‘हजर’ म्हणे, आणि तेवढंच त्यांचं बोलणं होई. कात्रीत सापडणं म्हणजे काय, हे कात्रीला चांगलंच कळलं.

मंगळवारी दुपारी ती तळमजल्यावर गेली आणि बाईंच्या दारावर टकटक केली. बातमीदारासारखं स्वतः कुणाच्या दारात जाण्याची तिची ती पहिलीच वेळ.

खोलीत भांडी वर्तमानपत्रात गुंडाळणं चाललं होतं. साप्ताहिकाचेच जुने अंक होते.

“मॅडम, तुमचं म्हणणं तोफेनं लिहिलं होतं. ते मी कापलं.”

रेक्टरबाईंनी हातातला डबा खाली ठेवला. “का?”

“जागा नव्हती.”

“काय आलं मग तिथं?”

“अध्यक्षांचा फोटो. मोठा करायला सांगितला होता.”

बाई रागावतील, रडतील, हाकलतील, असं तिला वाटलं होतं. त्या हसल्या. ते हसू काही बरं नव्हतं. “कुठे जाणार तुम्ही?” कात्रीनं विचारलं.

“भावाकडे. भाऊ ठेवील. वहिनीचं सांगता येत नाही.” त्यांनी पुन्हा डबा गुंडाळायला घेतला. “वाचलं होतंस का गं कापायच्या आधी?”

“नाही.”

“निदान वाचून कापलं असतंस तर मला तुझा नीट राग तरी करता आला असता.”

कात्रीला रडू आलं, तसं बाई म्हणाल्या, “इथे रडू नकोस, मला काम आहे. तुम्हाला सगळ्यांना माझंच पडलंय. तुझी मैत्रीण येते, किल्ली कुठे विचारते. साहेब विचारतात, जबाबदार कोण. तू येतेस, कापलं म्हणतेस. वर साठ मुली झोपतात. मागचं दार उघडतं का, हे आजवर एकानं तरी येऊन पाहिलंय?”

कात्री तिथून निघाली ती थेट मागच्या बोळात गेली. दाराला कुलूप होतं. नवंकोरं, आधीच्याहून मोठं. तिनं ते ओढून पाहिलं. मग ती कार्यालयात गेली आणि खिडकीपाशी बसलेल्या कारकुनाला विचारलं, “वसतिगृहाच्या मागच्या दाराची किल्ली कुठे असते?”

“साहेबांकडे,” कारकून सहज म्हणाला. “खणात. का, हवी होती?”

“मिळेल?”

“छे! बाईंनाच देत नाहीत, तुला कुठली!”

तिनं हे उभ्याउभ्या लिहून घेतलं, त्याला वाचून दाखवलं, आणि साप्ताहिकात छापणार आहे हेही सांगितलं. कारकून आधी हसला, मग म्हणाला, “माझं नाव घालू नकोस म्हणजे झालं. बाकी खोटं काही नाही त्यात.”

बुधवारी संध्याकाळी पान लावायला ती बसली तेव्हा पहिल्या पानावर अध्यक्षांची दुसरी जाहिरात आलेली होती. वाढदिवसाला शुभेच्छा देणाऱ्यांचे आभार. खाली शुभेच्छुकांची ही मोठी मांदियाळी. कात्रीनं ती पूर्ण वाचली, अगदी शेवटच्या नावापर्यंत. आता ती काहीच न वाचता कापणार नव्हती. मग तिनं जाहिरात खालून कापली.

त्या जागी तिनं आधी त्या नऊ ओळी जशाच्या तशा घातल्या. त्याखाली लिहिलं, ‘रेक्टरांचं हे म्हणणं मागच्या अंकाच्या बातमीत होतं. पान लावताना ते मी न वाचता कापलं. मागच्या दाराला मंगळवारी दुपारी कुलूप होतं, किल्ली संस्थेच्या कार्यालयात होती.’ आणि खाली स्वतःचं नाव, पूर्ण, आडनावासकट.

सर पान बघायला आले. पडद्यासमोर वाकले. त्यांची नजर वरून खाली गेली आणि त्या चौकटीवर थांबली. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

“चष्मा घरी राहिलाय माझा,” सर म्हणाले. “मला आज काही दिसत नाहीये. तूच बघ आणि पाठव.” आणि ते चहाला निघून गेले. कात्रीला त्यांचा रागही आला आणि दयाही. तिनं पान पाठवलं.

गुरुवारी वर जो गहजब व्हायचा तो झाला. सरांना बोलावणं आलं, ते तासाभरानं लालबुंद होऊन खाली आले. साप्ताहिक बंद झालं नाही. बंद केलं असतं तर का केलं हे पालकांना सांगावं लागलं असतं. तोफेची उमेदवारीही गेली नाही. बोलावणाऱ्यांनी तो अंक पाहिलाही नव्हता, पोरगी उगाच घाबरली होती. आता ती कात्रीशी कामापुरतं बोलते, पण बातमी देताना म्हणते, “सगळ्यांचं म्हणणं वर घेतलंय. बघ.” शनिवारी समिती बसली. मधल्या दिवसांत पालकांचे इतके फोन आले होते की बाईंना काढणं साहेबांना परवडणारं नव्हतं. रेक्टरबाई राहिल्या. किल्ली त्यांच्या हाती देण्यात आली, पण सही घेऊन: यापुढे त्या दारानं काही बरंवाईट झालं तर सगळं बाईंवर. साहेब असे सहजासहजी हरत नसतात.

आणि कात्री खुर्चीवरच राहिली. “आता कसं पाठवू तुला बाहेर?” सर म्हणाले. “म्हणणं कापणारी म्हणून तुझं नाव झालंय. लोक तुझ्याशी बोलायला नको का?” तिचं नाव पहिल्यांदा छापून आलं होतं आणि ते असं. ती पानं लावते, प्रत्येक बातमी शेवटपर्यंत वाचते, त्यामुळे उशीर होतो आणि मुलं कुरकुरतात. तळघरातून कधी सुटका होईल हे तिला माहीत नाही. रात्री कधीकधी ती दचकून उठते आणि आपण आणखी काय काय न वाचता कापलं असेल, ते आठवू बघते. ते आठवत नाही, म्हणूनच झोप येत नाही.

समितीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीच्या दारावर थाप पडली. रेक्टरबाई. हातात किल्ली. “चल,” एवढंच म्हणाल्या. बोळातून दोघी मागच्या दारापाशी गेल्या. बाईंनी किल्ली तिच्या हातात दिली. “उघडतंय का बघ.” कुलूप जड होतं, दोन्ही हात लावावे लागले. उघडलं. बाईंनी दार पुढे ढकलून पाहिलं, पुन्हा लावलं, किल्ली घेतली आणि निघून गेल्या.

कात्रीला वाटलं, एकदाच असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा थाप. तिसऱ्या दिवशीही. वसतिगृहात साठ मुली, पण बाई रोज हिलाच बोलावत. बोलत काही नसत. आज डोकं दुखतंय, उद्या परीक्षा आहे, असलं काही त्या ऐकून घेत नसत. कात्रीला त्या थापेची धास्ती वाटू लागली आणि एखाद दिवशी थाप उशिरा पडली तर ती दाराकडे बघत बसे.

महिना झाला असेल. एका संध्याकाळी कुलपात किल्ली घालताना तिला राहवलं नाही. “मॅडम, तुमचा राग गेला का?”

रेक्टरबाईंनी उजव्या हाताच्या तळव्यावरचा काचेचा व्रण अंगठ्यानं चोळला. थोडा वेळ विचार केला, जणू प्रश्न खरंच विचारण्याजोगा होता.

“नाही गेला,” त्या म्हणाल्या. “उघड आधी.”